दुलईखालचा रांजण

सकाळचा भात नुकता वाफेवर आला होता. मिराननं वाळक्या मुळ्याच्या पाल्याचं सूप मंद आचेवर ठेवलं आणि गॅलरीत दोरीला टांगलेली सोललेली पर्सिमनची फळं एकेक करून दाबून पाहिली. वरून सुकली होती, आत अजून लिबलिबीत. टेबलापाशी तिचा नवरा थेसॉप भाजलेल्या बांगड्याचे काटे काढत बसला होता. सगळी नोकरी सांगजूच्या पोस्टात काढलेला माणूस, मासासुद्धा टपाल लावावं तसा खायचा: काटे इकडे, कातडं तिकडे, मांस मधोमध.

तेवढ्यात दार वाजलं. घंटी नव्हे, दारच. मुठीनं.

"वहिनी," थेसॉप मान वर न करता म्हणाला.

घराला चांगली घंटी होती. बटण दाबलं की आतल्या पडद्यावर येणाऱ्याचं तोंड दिसायचं. पण थोरल्या जावेचा, पिलसुनचा, त्या बटणावर विश्वास नव्हता. आपलं तोंड आधी आत जातं आणि आपण बाहेर ताटकळत राहतो, हे तिला पटत नसे. तरी अशी न कळवता ती कधी यायची नाही. आधी फोन करायची, आणि फोनवरही "येऊ का" असं न विचारता "घरात आहेस की हिंडतेस" असं विचारायची. आज फोन नव्हता. विणलेली टोपी कानांवर ओढून ती दारात उभी होती; सत्तरी ओलांडलेली, बुटकी, कंबरेत जराशी वाकलेली, आणि हातात पिशवीसुद्धा नाही. पिलसुन रिकाम्या हातानं आली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे ओळखायला मिरानला वेळ लागला नाही.

"तुझ्याकडे ती तळणात बुडवायची सळई आहे ना, आकडे दाखवणारी? ती घे आणि चल माझ्याबरोबर," पिलसुन म्हणाली.

थेसॉपनं दोन घास खाऊन जायचा आग्रह केला. पिलसुननं जेवण झाल्याचं सांगितलं, आणि ते खोटं आहे हे तिघांनाही कळलं. मग त्यानं जरा घसा साफ करून आठवण दिली, की आज दुपारी तो टेम्पो घेऊन येणार आहे, फ्रिज न्यायला. ठरलंय तसं.

"तुमचं ठरलंय, भावजी. मी ऐकून घेतलंय," ती म्हणाली आणि पायऱ्यांवर जाऊन थांबली.

ठरलं होतं ते असं. पिलसुनचा नवरा थेगून, म्हणजे थेसॉपचा थोरला भाऊ, जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्याचं श्राद्ध पुढच्या महिन्यात होतं. श्राद्धाला पितरांपुढे ठेवायची तांदळाची दारू विकत आणायची या घरात पद्धत नव्हती. ती थोरल्या सुनेनं घरी घालायची, ही चाल सासूच्या सासूपासूनची. पिलसुननं इतकी वर्षं ती घातली आणि कुणाला नाव ठेवायला जागा दिली नाही. पण थेगून गेला आणि दारू बिघडायला लागली. त्याच्याच पहिल्या वर्षश्राद्धाला ती आंबट निघाली. लोकांनी रिवाज म्हणून घोट घेतला आणि पेले हळूच खाली ठेवले. यंदा सासऱ्यांच्या श्राद्धाला तर चुलतसासरे सगळ्यांदेखत म्हणाले, व्हिनेगर झकास झालंय, काकडीवर शिंपडायला बरं. थेसॉपला ते लागलं. पुढचं श्राद्ध आपल्या घरी, दारू दुकानातली, आणि इथून पुढं सगळीच श्राद्धं आपल्याकडे, असं त्यानं ठरवून टाकलं. वहिनीचं वय झालं, तिलाही सुटका होईल. थोरल्या भावानं दारूसाठी जुळवून ठेवलेला तो फ्रिजही भंगारात जाईल, मागची पडवी मोकळी होईल. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. फक्त ज्या दोघींनी हे काम सोडायचं आणि घ्यायचं होतं, त्यांना त्यानं विचारलं नव्हतं.

मिराननं सळईसारखा तो थर्मामीटर रुमालात गुंडाळला आणि निघाली. सणाला मधातल्या पुऱ्या तळताना तेल किती तापलंय ते बघायला तिनं तो घेतला होता. ती देगूच्या कॉलेजात गृहशास्त्र शिकलेली. नवी सून म्हणून आली तेव्हा पिलसुननं तिला मुगाचे मोड निवडायला बसवलं होतं आणि तासाभरानं टोपलीत डोकावून म्हटलं होतं, "कॉलेजात मोड निवडायचा धडा राहून गेला वाटतं." त्या वाक्यावर दोघींची जी काय जवळीक व्हायची ती तिथंच थांबली होती. भांडण कधी झालं नाही. श्राद्धाच्या दिवशी मिराननं भजी तळायची, पिलसुननं दारू आणि भात बघायचा, आणि रात्री भांडी घासताना एकमेकींना "तुम्ही दमलात", "तू दमलीस" म्हणायचं, इतकंच.

ओढ्यावरच्या पुलावर मिरान म्हणाली, "जाऊबाई, श्राद्ध आमच्याकडे आणायचं मी म्हटलेलं नाही."

"मी कुठं म्हटलं तू म्हटलंस?"

"तुमच्या मनात आहे ते."

"माझ्या मनात पुष्कळ आहे. गुडघे आहेत. किमचीची कोबी अजून मिठात पडायची आहे." पिलसुननं टोपी कानांवर नीट ओढली. मग विचारलं, "मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"मला कुणी विचारलंच नाही. आणि खरं सांगू? मला नकोय ते. मला भज्यांचाच कंटाळा येतो."

पिलसुन हसली नाही, पण तिची चाल सैल पडली. इतके दिवस तिची समजूत होती की धाकटीला मान हवाय. धाकटीची समजूत होती की थोरलीला मान सोडवत नाही. दोघींच्या मध्ये हे एवढं मोठं जातं विनाकारण पडून होतं.

पिलसुनचं माहेर मुंग्यॉंगच्या डोंगरातलं. शाळा जेमतेम झाली होती. या घरात आली तेव्हा दारू घरी घालायला सरकारची बंदी होती, आणि तरीही गावात एक घर असं नव्हतं जिथं रांजण नव्हता. अबकारीवाले अचानक यायचे. गवताच्या गंजीत सळ्या खुपसायचे, लाकडं उपसायचे, नाकानं भिंती हुंगायचे. पहिल्याच हिवाळ्यात एकदा पहाटे असंच दार वाजलं. चुलीच्या धगीनं जमीन खालून तापायची त्या खोलीत, चुलीच्या अंगाला, रांजण दुलईत गुंडाळून ठेवलेला होता आणि आत फसफसत होता. सासूनं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं, नव्या सुनेला धरून रांजणाला मिठी मारायला लावली, वर आणखी एक दुलई टाकली आणि हुकूम सोडला, कण्ह. लग्नाला पुरते चार महिने न झालेली पिलसुन बाळंतवेणा आल्यासारखी कण्हत राहिली. अबकारीचा माणूस दारात घुटमळला, लाल झाला आणि माघारी गेला. सासू नंतर दिवसभर हसत होती. संध्याकाळी मात्र तिनं सुनेला जवळ बसवून रांजणाला हात लावायला दिला, आणि इथून पुढं हे तुझं, म्हणून सांगितलं.

तेव्हापासून ती दुलई रांजणाची झाली. निळी, लाल काठाची. अभ्रे बदलले, कापूस पिंजून घेतला, पण दुलई तीच. खमिराची वडी कुटायची, वाफवलेला भात थंड करून त्यात कालवायची, पाणी घालायचं, रांजणात भरायचं आणि दुलई पांघरायची. मग पिलसुन दिवसातून दोनदा दुलईखाली हात घालायची. रांजण कोमट लागला तर बरं. तापायला लागला तर दुलई काढून गार ठिकाणी सरकवायचा. कान लावला की आत पाऊस पडतोय असं ऐकू यायचं. तिच्या हाताला गुण आहे, असं सासू चारचौघांत सांगायची, आणि सासू कुणाचं कौतुक करणारी बाई नव्हती.

पुढं जुनं घर पाडून नवं बांधलं. चूल गेली, तेलावर चालणारा बॉयलर आला. सगळी जमीन सारखी तापायला लागली, ना कुठं चुलीजवळची ऊब, ना दाराजवळचा गारवा. रांजण ठेवायचा कुठं? दोन-तीनदा दारू बिघडता बिघडता राहिली. थेगून सफरचंदांच्या शीतगृहात यंत्रं बघायचा. त्यानं कुणाचा तरी किमचीचं लोणचं ठेवायचा जुना फ्रिज आणला, पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा, आणि त्याला एक डबा जोडला. डब्याला दोन सॉकेट. एकात फ्रिजची पिन, दुसऱ्यात रांजणाच्या बुडाखाली अंथरायच्या गरम चटईची. डब्यातून एक लांब वायर निघायची आणि तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा सेन्सर. त्याला ऊब लागली की डबा फ्रिज चालू करायचा, गारवा लागला की चटई. वर हिरव्या आकड्यात तापमान दिसायचं. बावीसवर लावून दिलं की झालं. पिलसुननं आधी खूप नाक मुरडलं. पितरांची दारू शवपेटीत ठेवता का, म्हणाली, आणि पेटीतही रांजणाला दुलई पांघरलीच. पण दारू उतरली ती इतकी निवळ की तिचं तोंड बंद झालं. तेव्हापासून दहा-बारा वर्षं ती हिरव्या आकड्यावर विसंबली. हात घालणं हळूहळू सुटलं.

मागच्या पडवीत दोघी आल्या तेव्हा डब्यावर बावीस होतं. आकडा अगदी स्थिर. मिरान जरा वेळ उभी राहून ऐकत होती. खट् झालं, फ्रिज घुरघुरला. थोड्याच वेळात खट्, फ्रिज बंद. मग पुन्हा खट्, आणि चटईचा लाल दिवा लागला.

"हे असं सारखं चालू असतं?" तिनं विचारलं.

पिलसुननं सांगितलं, की अलीकडे असंच असतं, दमेकऱ्यासारखं. आधी असं नव्हतं. मग ती जे सांगायला एवढ्या सकाळी ओढा ओलांडून आली होती ते तिनं सांगितलं. श्राद्धासाठी तिनं थेसॉपला न सांगता गेल्या आठवड्यात दारू घातली होती. काल रात्री सहज दुलईखाली हात घातला, तर रांजण गरम लागला. चांगलाच. डबा मात्र बावीस म्हणत होता.

"मागच्या दोन्ही वेळेला पण लागला होता तसा," ती म्हणाली. "मी म्हटलं, डबा यांनी बसवलेला, तो कशाला खोटं बोलेल. माझाच हात म्हातारा झाला. पण आज झोप नाही आली. तू ती सळई घालून बघ. हात खोटा निघाला तर मी गुपचूप टेम्पोत बसवून देते सगळं. माझ्या हातात गुण उरला नसेल तर हट्ट कशाला करू?"

मिराननं अंगातला कोट काढला. कॉलेजात एक बाई होत्या, त्या म्हणायच्या, दोघांचं भांडण असलं तर आधी दोघांनाही बर्फात घाला. तिनं पातेल्यात बर्फ फोडून थोडं पाणी घातलं, ढवळलं, आणि स्वतःची सळई त्यात बुडवली. आकडा उतरत उतरत शून्यापाशी थांबला. सळई खरी. मग फ्रिजच्या आत एका हुकावरून लोंबणारा तो सेन्सर तिनं काढला आणि त्याच पातेल्यात सोडला. हिरवा आकडा घसरायला लागला आणि तोही शून्याच्या जवळ जाऊन टेकला. फ्रिज बंद झाला, चटईचा दिवा लागला. तसंच व्हायला हवं होतं. मिराननं चटईची पिन काढून तिथं टेबललॅम्प लावून पाहिला, दिवा पेटला. सेन्सर मुठीत धरला, आकडा चढला, दिवा विझला, फ्रिज सुरू झाला. डब्यात खोट सापडेना.

"डबा खरा आहे, जाऊबाई," तिला सांगावं लागलं.

पिलसुननं मान हलवली आणि ती पडवीच्या पायरीवर बसली. टोपी काढून मांडीवर ठेवली. तिचे केस एका बाजूनं चपटे झाले होते. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली, एखादं भांडं चिरलंय का बघावं तशी. मिरानला ते बघवेना.

"अजून रांजणाला कुठं विचारलंय?" ती म्हणाली. "उघडू या."

पिलसुन कचरली. घातलेला रांजण घालणाऱ्या बाईशिवाय कुणी उघडायचा नाही, आणि उघड्या रांजणावर अवाक्षर बोलायचं नाही. तोंडातून निघालेलं बरंवाईट दारूत उतरतं, अशी समजूत. सासूनं तर एकदा रांजण उघडा असताना शिंकली म्हणून नणंदेला अंगणात उभी केली होती. शेवटी पिलसुन उठली, हात धुतले, मिरानलाही धुवायला लावले, आणि बोट ओठांवर ठेवून तिनं दुलईची गाठ सोडली.

दुलई बाजूला झाली तशी ऊब तोंडावर आली. मिराननं ती गालांनी ओळखली. झाकणावरचं कापड सोडलं. आत भात वर आला होता आणि मधून मधून बुडबुडे फुटत होते. मिराननं सळई मधोमध घातली, खोलवर, आणि दोघी वाकून बघत राहिल्या. चोवीस. सत्तावीस. एकोणतीस. एकतीसवर आकडा थांबला. मिराननं सळई वर काढून थोरलीच्या डोळ्यांसमोर धरली. पिलसुननं आकडा वाचला, मिरानकडे पाहिलं, परत आकडा वाचला. मग सावकाश आपला उजवा हात वर केला आणि त्याच्याकडे बोट दाखवलं. मिराननं जोरजोरात मान डोलावली. दोघी मुक्या, आणि एकीच्या हातात तळणाची सळई. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर काय समजला असता कोण जाणे.

पिलसुननं पळीनं थोडंसं काढून जिभेवर ठेवलं, पळी मिरानला दिली. गोड होतं, झणझणीत होतं, मागून किंचित कडू. आंबट अजून नव्हतं. पिलसुननं कापड बांधलं, झाकण ठेवलं, आणि तेव्हा कुठं श्वास सोडला.

"हात खरा आहे," मिरान म्हणाली.

"आणि डबाही खरा आहे म्हणतेस."

"हो."

"दोघं खरे, मग खोटं कोण?"

 मिरान फ्रिजच्या पेटीत वाकून बघत होती. रांजण दुलईशिवाय, चटईवर बसलेला. बाजूला हुकावर परत अडकवलेला सेन्सर, हवेत लोंबणारा. रांजणाच्या पोटावर, मधल्या उंचीवर, एक चौकोनी डाग होता. मातीचा रंग तिथं जरा निराळा, चकचकीत. तिनं नख लावून पाहिलं. चिकट.

"हे काय आहे?"

पिलसुननं वाकून पाहिलं आणि तिचं तोंड आक्रसलं. ती यांची चिकटपट्टी, म्हणाली. थेगूनला ही खोड होती. दारू घातली की संध्याकाळी तो येणार, दुलई उचकणार, आत हात घालून काहीतरी खुडखुड करणार. निजलेल्या पोराला कशाला छेडता, म्हणून ती ओरडायची. दारू उतरवल्यावर रांजण धुवायला घ्यावा तर पोटावर पट्टी चिकटलेली. "मी म्हणायची, रांजण आहे का गाय आहे, बिल्ला लावायला? ते हसायचे. एका शब्दानं कधी बोलले नाहीत. ते गेल्यावर मी सगळं साफ केलं. पट्टी खरवडली, राखेनं घासली. ती वायर दुलईत गुरफटलेली असायची, ती सोडवून तिथं नीट टांगून ठेवली. लोंबतं-बिंबतं मला आवडत नाही."

बोलता बोलता ती थांबली.

मिरानही सेन्सरकडेच बघत होती. आता सांगायला काही उरलं नव्हतं, तरी तिनं सांगितलं, सावकाश, आकडे लावून, कारण एवढी मोठी गोष्ट नुसती समजून घेऊन चालत नाही, ती कुणीतरी बोलावी लागते. दारू स्वतःच्या अंगानं तापते. दुलईमुळे ती ऊब बाहेर पडत नाही. सेन्सर बाहेर हवेत, त्याला फक्त फ्रिजची हवा कळते. हवा गार झाली की डब्याला वाटतं रांजण गारठला, तो खालून चटई पेटवतो. म्हणजे आधीच तापलेल्याला आणखी शेक. आणि थेगूनभावजी रोज संध्याकाळी सेन्सर दुलईच्या आत, रांजणाच्या पोटाला चिकटवत होते. दुलई काढा असं ते बायकोला कधी म्हणाले नाहीत. त्या दुलईचं काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वायरच आत सरकवली.

पिलसुन ऐकत होती. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. तिनं फक्त विचारलं, कुठली पट्टी लागेल, यांची घरात उरली आहे का ते आठवत नाही. मिराननं किमचीच्या डब्यांवर तारीख चिकटवायची पट्टी शोधून आणली. पिलसुननं डागाच्याच जागी सेन्सर धरला, मिराननं पट्टी लावली आणि वर हातरुमालाची घडी बांधली. हिरवा आकडा हलला. बावीसवरून चोवीस, सव्वीस, आणि अठ्ठावीसच्या पुढं गेला. खट् झालं. फ्रिज घुरघुरायला लागला, आणि या वेळी तो थांबला नाही.

"वाचेल का ही दारू?" पिलसुननं विचारलं.

मिराननं खरं तेच सांगितलं, की माहीत नाही. आंबट झालेली नाही, गार होतेय, आशा आहे. दुलई मात्र दोन-तीन दिवस नको. पिलसुननं वाद घातला नाही. दुलईची घडी घातली, काठाला काठ जुळवून, आणि ती फ्रिजजवळच्या खुर्चीवर ठेवली, हाताच्या अंतरावर. मग म्हणाली, भात टाकते, तू उपाशी आहेस. आपलंही पोट रिकामं आहे हे तिनं तेव्हाही कबूल केलं नाही.

दोघींनी स्वयंपाकघरात बसून भात आणि सोयाबीनची आमटी खाल्ली. पडवीतून फ्रिजची घरघर येत होती. मध्ये दोनदा पिलसुन उठून आकडा बघून आली. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा नुसता बघून आली नाही, झाकण उचलून रांजणाला हातही लावून आली. सव्वीस असेल, म्हणाली. मिरान जाऊन बघून आली. सव्वीस आणि वर थोडं.

थेसॉपचा फोन आला. टेम्पोवाला मिळालाय, जेवून निघतो, फ्रिज रिकामा करून ठेवा. मिराननं त्याला थांबायला सांगितलं, मागाहून फोन करते म्हणाली आणि फोन खाली ठेवला. तिनं मनात सगळं जुळवलं होतं. यंत्रात बिघाड होता, म्हणून दारू बिघडत होती. तो आता निघाला, आणि तुमच्या वहिनीचा हात ठणठणीत आहे. एवढं सांगितलं की थेसॉपला पुढं बोलायला जागा नव्हती. श्राद्ध जिथल्या तिथं राहील, चुलतसासऱ्यांना उत्तर मिळेल. दुलईचा विषय काढायची गरजच नाही. तिनं पिलसुनला तसं बोलूनही दाखवलं.

पिलसुन ताटल्या गोळा करत होती. तिनं त्या एकावर एक रचल्या आणि तशाच धरून उभी राहिली.

"दुलईचं सांगितलं तर ते काय म्हणतील?" तिनं विचारलं.

"म्हणतील, वहिनीचं वय झालं. वायर काढून टांगून ठेवली आणि तिलाच कळलं नाही. मग श्राद्ध आमच्याकडे." मिराननं लपवलं नाही.

"भावजी यांच्या त्या यंत्राला भंगार म्हणतात. मागच्या वेळेला दादाचं भंगार म्हणाले, माझ्यासमोर." पिलसुननं ताटल्या मोरीत ठेवल्या, हात पुसले आणि वळून धाकट्या जावेकडे पाहिलं. "तू माझं एक काम कर, मिरान. त्यांना फोन कर, पण यंत्र बिघडलं होतं असं सांगू नकोस. यंत्र चांगलं होतं. चूक माझी होती, असं सांग."